पर्यायी मानसोपचाराच्या वाटेला गेलेल्या सायकियाट्रिस्टचं करिअर कसं असतं? एम.डी. करतोय, जायचा विचार आहे.

मी मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे. तुमच्या प्रश्नावर मला पहिलं नाव आठवतं ते डॉ. लॉरेन मोशर यांचं.

हा माणूस व्यवस्थेच्या अगदी आतला. 1968 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनिया संशोधन केंद्राचा प्रमुख. त्याआधी लंडनला असताना त्यांनी आर. डी. लेंग या स्कॉटिश सायकियाट्रिस्टचं किंग्जली हॉल पाहिलं होतं. तिथे डॉक्टर आणि रुग्ण एकाच छताखाली राहत. त्यातूनच 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे 'सोटेरिया' सुरू झालं.

सोटेरिया म्हणजे रहदारीच्या रस्त्यावरचं एक साधं घर. एका वेळी सहा-सात तरुण, बहुतेकांचा सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याचा, पहिलाच झटका. सोबतीला युनिफॉर्म नसलेली, मानसोपचाराची पदवी नसलेली माणसं, सलग 24 ते 48 तासांच्या पाळीवर. स्वयंपाक, झाडलोट सगळ्यांनी मिळून. एखादा रात्रभर घाबरून बसला, तर कुणीतरी त्याच्याजवळ बसून राहायचं. त्याला समजावायची घाई नाही. पहिले सहा आठवडे अँटिसायकोटिक (सायकोसिसवरच्या) गोळ्या शक्यतो द्यायच्या नाहीत, पण गरज पडली तर द्यायच्या. मोशर सरसकट औषधविरोधी नव्हते, हे लोक विसरतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांनी नेहमीच्या वॉर्डातल्या रुग्णांशी केलेली तुलना. दोन वर्षांनी सोटेरियातली मुलं निदान तितकीच बरी होती, आणि त्यांतली बरीच गोळ्यांशिवाय. आक्षेपही रास्त होते: रुग्णसंख्या लहान, आणि सुरुवातीची वाटणी चिठ्ठ्या टाकून नव्हे, जागा असेल तशी झालेली. पण उत्तर म्हणून मोठा अभ्यास करायला हवा होता. त्याऐवजी 1980 मध्ये मोशर यांचं प्रमुखपद गेलं, आणि निधी आटल्यावर 1983 मध्ये घर बंद पडलं. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

पुढे मेरीलँडमध्ये त्यांनी सरकारी सामुदायिक सेवेत काम केलं. 1998 मध्ये औषध कंपन्यांच्या प्रभावावर सडकून टीका करत अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचा राजीनामा दिला. 2004 मध्ये ते गेले.

तेव्हा पद आणि निधी जाऊ शकतो, हे धरूनच चाला. एम.डी. मात्र पूर्ण करा, औषधं नीट शिका आणि पहिल्या रुग्णापासून नोंदी ठेवा. (वाचणाऱ्यांपैकी कुणी गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या थांबवू नका.) आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं सोटेरिया जरूर अभ्यासा. लुक चोम्पी या सायकियाट्रिस्टने ते 1984 मध्ये, म्हणजे मूळ घर बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी सुरू केलं. ते अजून चालू आहे.