यार्ड सेलमध्ये सरबत, कोल्ड्रिंक आणि खाऊ विकायला ठेवावा का?

तुम्ही विचारलंय: डॅलसजवळ राहतो, मे महिन्यात ड्राइव्हवेवर जुन्या सामानाचा सेल लावणार आहोत, दहा वर्षांच्या लेकीला तिथे लिंबू सरबत आणि खाऊ विकायचाय. परवानगी लागते का, काय ठेवावं आणि चार पैसे सुटतात का?

आम्हीही याच भागात राहतो आणि तीन वर्षं ओळीने गराज सेल लावलाय. पैशांचं आधी सांगते, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. गेल्या वर्षी खाण्यापिण्याच्या टेबलाचा गल्ला ७४ डॉलर झाला आणि खर्च ४६. सकाळी साडेसहा ते दुपारी बारा राबून २८ डॉलर! तरीही टेबल लावाच. कारण असं की पोराच्या हातात थंडगार कॅन आला की ते दहा मिनिटं हलत नाही, आणि पोर हलत नाही तोवर आईबाप कुठे जातील? मग ते दुसऱ्यांदा सामान बघतात. आमचा लॅम्प आणि पुस्तकांचं कपाट असंच गेलं.

आता परवानगी. २०१५ साली पूर्व टेक्सासातल्या ओव्हरटन गावी दोन लहान बहिणींचं सरबताचं टेबल पोलिसांनी बंद करायला लावलं होतं आणि त्यावर बरीच बोंबाबोंब झाली. २०१९ मध्ये टेक्सासने कायदाच केला: अठरा वर्षांखालच्या मुलांनी खाजगी जागेत अधूनमधून लेमोनेड किंवा दुसरं बिनदारूचं पेय विकलं तर शहर, काउंटी किंवा एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) त्याला आडकाठी करू शकत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून तो लागू आहे. तेव्हा लेकीचं सरबत बिनघोर चालू द्या. मात्र यात दोन गोष्टी येत नाहीत. एक, मोठी माणसं. दुसरी, खाऊ. घरी केलेला खाऊ विकायचा तर इथला 'कॉटेज फूड' कायदा बघावा लागतो: फूड हँडलरचा कोर्स, पाकिटावर लेबल, त्यात शेंगदाणे-दूध-गहू असेल तर तसा उल्लेख. एका शनिवारसाठी कोण करणार? आम्ही कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटंच ठेवतो. आणि खुद्द सेलचे नियम (वर्षातून किती वेळा, पाट्या कुठे लावायच्या) गावागणिक वेगळे असतात, त्यासाठी सिटीच्या ऑफिसला एक फोन करून टाका.

काय खपतं म्हणाल, तर पहिली भवानी कॉफीची. गंमत नाही. सेलचे पट्टीचे गिऱ्हाईक सात वाजायच्या आत दारात हजर असतात आणि त्या वेळी कोकला कुणी हात लावत नाही. नऊनंतर ऊन चढलं की पाणी आणि सोडा, म्हणजे कोल्ड्रिंक. पाण्याच्या चाळीस बाटल्यांच्या खोक्यातल्या आमच्या एकतीस गेल्या. चिप्सच्या छोट्या पुड्या बऱ्या जातात. चॉकलेट ठेवू नका, दहा वाजता त्याचा लगदा होतो. चिवडा मी हौसेने मागवून ठेवला होता, तो आपल्याच दोन मैत्रिणींनी घेतला. सगळं एका डॉलरला ठेवा, म्हणजे हिशोब लेकीलाही जमतो आणि घासाघीस होत नाही. सुट्टे म्हणून एकेकच्या तीस-चाळीस नोटा शुक्रवारीच बँकेतून आणा. पहिलंच गिऱ्हाईक वीसची नोट काढतं.

थंड करण्याची एक युक्ती. कूलरमध्ये नुसता बर्फ ओतून वर कॅन रचू नका. बर्फात पाणी घाला आणि मूठ-दोन मुठी मीठ टाका. नुसत्या बर्फाचे खडे कॅनला इथेतिथे टेकतात, खारं बर्फाचं पाणी सगळीकडून वेढतं, आणि शून्याच्याही खाली जातं. दहा-पंधरा मिनिटांत कॅन गार. शेजारी एक जुना टॉवेल टांगा. टेबल मात्र कपड्यांपासून लांब मांडा. आमच्या पांढऱ्या रजईवर कुणा पोराने ऑरेंज सोडा सांडला आणि पंधरा डॉलरची रजई फुकट द्यावी लागली.

वडापाव तळायचा विचार मनात येईल, नवऱ्याच्या तर नक्कीच. नको. कायद्याचं सोडा, ड्राइव्हवेवर उकळतं तेल आणि मध्ये पळणारी पोरं! आम्ही तळलं नाही, पण सँडविच भाजायला गेलो आणि ते चांगलंच महागात पडलं. गराजच्या एकाच लाइनवर कॉफीचा मोठा पिंप आणि सँडविच मेकर. १५ अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला जेमतेम १८०० वॉट निघतात, ते आम्ही केव्हाच ओलांडले होते. ब्रेकर पडला. कॉफी कोमट का झाली म्हणून आम्ही पिंप उचलून स्वयंपाकघरात लावला, तिथे तो चालला, विषय संपला. त्याच लाइनवर गराजमधला डीप फ्रीझर आहे हे रविवारी संध्याकाळी कळलं, फरशीवरून पाण्याचा ओघळ आला तेव्हा. खोवलेला नारळ, सुरमईच्या तुकड्या, आणि आईने विमानातून आणलेल्या पुरणपोळ्या. ते २८ डॉलर कुठे गेले ते आता समजलं असेल. तर वायर लावण्याआधी त्या लाइनवर आणखी काय काय आहे ते बघा.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मी त्यांना हौसेने पाण्याच्या टेबलावर बसवलं. तासाभराने बघते तर डब्यात दोन डॉलर आणि अर्धा खोका रिकामा. "अगं, उन्हातनं दारात आलेल्या माणसाला पाणी विकत द्यायचं? मला नाही जमत," म्हणाल्या. वर प्रत्येकाला गुळाचा खडा! गोरे आजोबा तो गूळ हुंगून, चाखून, परत मागत होते. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या वर्षापासून मी कडेला साध्या पाण्याचा जग आणि कागदी पेले ठेवते, फुकट. बाटल्या त्यामुळे काही कमी खपल्या नाहीत, लोकांना बरोबर न्यायला बाटलीच लागते.

यंदा त्या पुन्हा येताहेत. त्यांना मी पाण्याच्या जगापाशीच बसवणार आहे, गल्ल्यापाशी नाही.