पुण्यात पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) बसमध्ये आफ्रिकन विद्यार्थ्याकडे बघून पाच वर्षांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "हा दादा एवढा काळा का?" अशा वेळी काय सांगावं?

"शूऽऽ" करून गप्प करू नका. त्यातून काळं असणं म्हणजे काहीतरी लाजिरवाणं, एवढंच तो शिकतो. तिथेच, साध्या आवाजात सांगा: प्रत्येकाच्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. कडक उन्हाच्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांच्यात ते जास्त, कारण ते उन्हापासून जपतं. त्या दादाने ऐकलं असेल तर हसून नमस्कार करा, बास.

खरी अडचण घरात असते. "उन्हात खेळू नकोस, काळा पडशील" म्हणणारी आजी आणि "गोरी मुलगी पाहिजे" म्हणणारी मावशी यांना आधी आवरा. (आजीला आवरणं अवघड आहे, मान्य.) विठोबाला सावळा म्हणून आळवायचं आणि सुनेला फेअरनेस क्रीम आणायचं, हे मुलांना बरोबर कळतं.

दहा-बारा वर्षांचा झाला की गंज पेठेतल्या फुलेवाड्यात न्या. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे आपलं पुस्तक अमेरिकेत काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केलं होतं. तिथून जात आणि वंश, दोन्हींवर बोलता येतं.