आधी फलाट मोजून ये

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. जुन्या लोकलची बाकं काढायची, पार्सलं भरायची आणि थेट शहराच्या मध्यावर न्यायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण बारापैकी दहा पानं गाडीवर खर्ची पडलीत. फलाटाला एकच परिच्छेद मिळालाय, आणि तिथेच माझं मन अडकलं.

गाडीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. आपल्याकडेच प्रवासी सेवेतून काढलेल्या डब्यांची दारं-खिडक्या बंद करून, टोकाकडून आत शिरायची सोय करून, मोटारी नेण्यासाठी एनएमजी नावाच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, बनतात. ब्रिटनमध्ये वरामिस रेल या कंपनीने 2023 च्या जानेवारीत क्लास 321 ही जुनी चार डब्यांची विजेची गाडी मालवाहतुकीला लावली. आसनं काढली, तिथे पार्सलांनी भरलेले चाकांचे पिंजरे उभे राहतात. ताशी 160 किलोमीटरने धावत असल्यामुळे ती प्रवासी गाड्यांच्या ओळीत बसते, मालगाडीसारखी बाजूच्या रुळावर खोळंबत नाही. तुझ्या आराखड्यात फक्त स्वस्ताईचा हिशेब आहे. वेगाचा हा मुद्दा त्याहून मोठा आहे, तो घाल.

आता तिच्या सुरुवातीच्या मार्गाची दोन टोकं नकाशावर बघ. बर्मिंगहॅम इंटरनॅशनल विमानतळाला लागून आहे, मॉसेंड ग्लासगोच्या बाहेरचं माल टर्मिनल. त्याआधी रॉयल मेल या तिथल्या टपालसेवेने 1995-96 मध्ये खास टपालासाठी सोळा क्लास 325 गाड्या घेतल्या. त्यांनाही लंडनच्या मध्यापासून दूर, विल्सडेनला स्वतंत्र फलाटांचं केंद्र लागलं. सुरुवात दोघांनीही शहराच्या मध्याबाहेरूनच केली.

माझ्या मते खरी मेख गाडी थांबल्यानंतर आहे. भरलेला पिंजरा डब्याच्या उंबऱ्यावरून फलाटावर कसा उतरणार? पुढे उतार आहे की जिना? बाहेर टेम्पो कुठे लागणार? रात्री सगळं मोकळं असतं असं तू गृहीत धरलंयस, पण शेवटची लोकल गेली की रूळ दुरुस्तीवाल्यांच्या ताब्यात जातात. तुझ्या हाती खरं तर दुपारचे काही तास उरतात.

आपल्या डबेवाल्यांकडे नीट बघ. लगेजच्या डब्यात पेटी दाराशीच ठेवलेली असते, गाडी थांबायच्या आधी माणूस पवित्र्यात उभा असतो, आणि काही सेकंदांत पेटी फलाटावर येते. चर्चगेटबाहेर फुटपाथवर लगेच वाटणी होते, सायकली आणि हातगाड्या तयारच असतात. तिथे रेल्वेचं काम जेवढं, तेवढंच रस्त्याचं.

म्हणून पुढच्या मंगळवारी दुपारी एखाद्या टर्मिनसवर जा. टेप आणि घड्याळ ने. फलाट आणि डब्याची जमीन यांतलं अंतर मोज, उंचीही आणि फटही. मग जड सामानाची हातगाडी ढकलणाऱ्या एखाद्या हमालदादांच्या मागे थेट रस्त्यापर्यंत चाल. त्यांची परवानगी घे, चहा पाज, कुठे दम लागतो ते विचार. ते आकडे मला पाठव, मग गाडीची दहा पानं आपण एकत्र बसून बघू.