आधी प्रत, मग पाम स्प्रिंग्ज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बावीस मिनिटांच्या लघुपटाची पाम स्प्रिंग्जच्या शॉर्टफेस्टला निवड झाली म्हणतेस, फार आनंद झाला. पण त्यापुढचं सगळं पत्र काळजीनं भरलेलं आहे. व्हिसा मिळेल का, प्रसिद्धीसाठी तिकडचा माणूस पैसे देऊन नेमावा का, समारंभाला काय घालायचं, घरून उसने घेतलेले पैसे कुठे लावायचे. आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून एक ओळ: ‘डीसीपी करायला दिलाय, एडिटर म्हणतो होऊन जाईल.’ डीसीपी म्हणजे थिएटरात चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत. माझं हे सगळं पत्र त्या एका ओळीचं उत्तर आहे. आधी प्रत. बाकीचं मागून.

तुझ्या डोक्यात दोन महोत्सव एकमेकांत मिसळलेत, ते आधी वेगळे करू. पाम स्प्रिंग्ज हे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं, लॉस एंजेलिसपासून साधारण १७० किलोमीटरवरचं सुट्टीचं शहर. गायक-नट सॉनी बोनो तिथले महापौर असताना आंतरराष्ट्रीय महोत्सवाची कल्पना निघाली आणि पहिला महोत्सव १९९० च्या जानेवारीत भरला. जानेवारीत तिथली हवा सुखाची, हॉलिवूड मोटारीनं काही तासांवर आणि ऑस्करच्या नामांकनांचं मतदानही त्याच सुमारास. म्हणून नट-नट्या तिकडे जातात. तू पाहिलेला लाल गालिचा तो. तिथे वेगवेगळ्या देशांनी ऑस्करसाठी पाठवलेले पूर्ण लांबीचे चित्रपट मोठ्या संख्येनं दाखवतात. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ हे भारतातर्फे ऑस्करसाठी गेलेले मराठी चित्रपट. त्या वाटेवर आधी भारतातर्फे चित्रपट निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनची निवड लागते. तुझी वाट ती नव्हे.

शॉर्टफेस्ट १९९५ पासूनचा. भरवणारी संस्था तीच, पण महिना जून आणि चित्रपट फक्त लघु. जूनमध्ये त्या गावात पारा चाळिशीच्या वर असतो, पर्यटक पांगलेले असतात, हॉटेलांचे दर उतरलेले असतात. येणारी माणसं म्हणजे तुझ्यासारखे दिग्दर्शक, इतर महोत्सवांचे निवडकर्ते आणि लघुपट विकत घेणारे. साडी नेस नाहीतर जीन्स घाल, कुणी बघणार नाही. बघणार आहेत ते तुझा चित्रपट, आणि तोही एकटा नव्हे. पाच-सात लघुपट एकापाठोपाठ एक, असा दीड तासाचा गुच्छ असतो. तुझ्याआधी कुणाचा तरी भरपूर पैसे ओतून मिसळलेला आवाज घुमून गेलेला असेल आणि पुढच्याच क्षणी तुझ्या चित्रपटातल्या आजीचं पहिलं वाक्य येईल. ते ऐकू आलं नाही तर चित्रपट तिथेच गेला. म्हणून म्हणतो, आधी प्रत.

पहिली गोष्ट, फ्रेमचा वेग. तू सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रित केलंयस. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली २४ फ्रेम आणि १८० अंशांच्या शटरवर (शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमवर किती वेळ उजेड पडतो ते) चित्र थरथरतं, म्हणून बरेच जण सरळ २५ लावतात. (२४ वर राहून शटर १७२.८ अंश, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला असता तरी काम झालं असतं. पुढच्या वेळी लक्षात ठेव.) थिएटरसाठी मात्र २४ फ्रेमचा डीसीपी सर्वांत निर्धोक; २५ चा डीसीपी थिएटरातले काही जुने सर्व्हर, म्हणजे चित्रपट चालवणारे संगणक, घेत नाहीत. बदल करताना प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी ठेवून वेग कमी करायचा. तुझी २२ मिनिटं २२ मिनिटं ५५ सेकंद होतील. आवाजही तेवढाच लांबवायचा आणि स्वर मूळ पट्टीत आणून ठेवायचा, नाहीतर सगळी पात्रं किंचित जड आवाजात बोलतात. सॉफ्टवेअरला ‘तूच बघ’ म्हणून सोडलंस तर ते दर सेकंदाला एक फ्रेम गाळून टाकेल आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र उडी मारेल. तुझ्या त्या नदीकाठच्या लांब पॅनमध्ये हे हमखास दिसेल. सबटायटलच्या वेळाही नव्यानं बसवाव्या लागतात. शेवटच्या प्रसंगापर्यंत जवळजवळ मिनिटाचा फरक साचलेला असतो. आणि तुझ्या त्या मित्राला सांग, त्याचा ३९ मिनिटांचा लघुपट असाच बदलला तर ४० मिनिटं ३७ सेकंदांचा होईल, आणि ऑस्करच्या नियमांत लघुपटाची मर्यादा श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांची आहे.

दुसरी गोष्ट आवाज, आणि इथे मी हट्टीच आहे. तू मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, स्टीरिओत करून घेतलायस, तोही घरातल्या छोट्या स्पीकरवर. तो तसाच डीसीपीत घातला तर संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतात आणि पडद्यामागचा मधला स्पीकर मुका राहतो. मधोमध बसलेल्याला हा फरक जाणवत नाही. डाव्या कडेला बसलेल्याला सगळं गाव डावीकडेच बोलताना ऐकू येतं. संवाद मधल्या चॅनेलमध्येच हवेत, म्हणजे ५.१ चा (पाच चॅनेल आणि एक खर्जाचा) मिक्स हवा, आणि तो ८५ डेसिबलच्या प्रमाणावर लावलेल्या सिनेमाच्या मिक्सरूममध्ये व्हायला हवा. थिएटरच्या आवाजाच्या बटणाची प्रमाण जागा ७. पण कर्कश जाहिराती आणि ट्रेलरमुळे पुष्कळ ठिकाणी ते पाचच्या आसपास ठेवलेलं असतं. म्हणून मिक्स झाल्यावर एकदा ७ वर आणि एकदा ५ वर पूर्ण ऐक. पाचवर संवाद कळले पाहिजेत. स्टीरिओ मिक्स टाकून देऊ नकोस: लघुपटांचे खरेदीदार ते पुष्कळदा हेडफोन लावून बघतात, त्या प्रतीला तोच लागेल. प्रती दोन, मिक्सही दोन.

रंगाचं काम लॅपटॉपवर झालंय म्हणतेस. लॅपटॉपचा पडदा सिनेमाच्या पडद्याच्या कितीतरी पट उजळ असतो. थिएटरचं प्रमाण चौरस मीटरला ४८ कँडेला, म्हणजे १४ फूटलॅम्बर्ट. माजघरातला कंदिलाचा प्रसंग तुला खोलीत छान दिसतोय, तो तिथे काळ्या डागासारखा दिसू शकतो. तो प्रसंग अंधाऱ्या खोलीत, मोजून लावलेल्या मॉनिटरवर पुन्हा कर. आणि एडिटरला एकच प्रश्न विचार: फाइल देताना लेव्हल, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मर्यादा, फुल ठेवली की लीगल? दोघांनी वेगळं गृहीत धरलं की काळा रंग राखाडी होतो, नाहीतर सावल्या बुजून जातात, आणि मग सगळे प्रोजेक्टरला दोष देतात.

आता अक्षरं. तू पाठवलेल्या दुव्यावर पहिल्याच श्रेयनामात ‘श्री’ फुटलाय: श सुटा, त्याला लटकलेलं हलंत, मग मोकळा री. पुढे ‘निर्मिती’मधल्या वेलांट्या चुकीच्या अक्षरावर बसल्यात. अमेरिकेत हे कुणाला कळणार नाही असं तू म्हणशील. मला कळलं, तुझ्या आईला कळेल, आणि चित्रपट मराठी आहे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या जुळवणारी सोय चालू नसली की हे होतं. चालू करून बघ. तरी जमेना तर नावं दुसरीकडे नीट जुळवून, पारदर्शक चित्र म्हणून आणून बसव.

इंग्रजी सबटायटल: एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळिसेक अक्षरं, सेकंदाला पंधराच्या आसपास. त्यापेक्षा दाट लिहिलंस तर प्रेक्षक वाचतच बसतो, आजीचा चेहरा त्याला दिसत नाही. ‘अगं’, ‘बाई’, ‘काय गं’ या सगळ्याचं भाषांतर नको. आवाजातून ते पोचतं. धोतर, पांढरी भिंत, दुपारचं ऊन यांवर पांढरी अक्षरं विरतात, तेव्हा बारीक काळी कड हवीच. तुझ्या बाबतीत सबटायटल चित्रातच कायमची बसवून टाक. वेगळी ठेवली की सर्व्हरवर त्यांच्याशिवाय चित्रपट चालू होण्याची शक्यता उरते, आणि गुच्छातला चित्रपट मध्येच थांबवून कुणी पुन्हा लावत नाही.

डीसीपी म्हणजे एक फोल्डर: चित्र आणि आवाजाच्या एमएक्सएफ फाइली, आणि त्यांची यादी ठेवणाऱ्या एक्सएमएल फाइली. आतल्या एकाही फाइलचं नाव बदलायचं नाही. चित्र १.८५ असेल, म्हणजे रुंदी उंचीच्या तेवढी पट, तर १९९८ बाय १०८० पिक्सेल, त्याहून रुंद स्कोप असेल तर २०४८ बाय ८५८. त्याला कुलूप (एन्क्रिप्शन) लावू नकोस. लघुपटाला कुलूप लावलं की त्याची किल्ली ठरावीक तारखांची आणि ठरावीक सर्व्हरची. ऐन वेळी सभागृह बदललं की खेळ बंद. सुरुवातीला रंगपट्टे, उलटी गणती, पीप काही नको. महोत्सवांच्या बोधचिन्हांचे तुरे तर नकोतच. डिस्क पाठवायची वेळ आली तर ती लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी; विंडोजवाल्या संगणकाची डिस्क सर्व्हर ओळखेलच असं नाही. शिवाय प्रोरेस ही उत्तम दर्जाची व्हिडिओ फाइल जवळ ठेव. डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं होतं, पण झालं की नाही हे तो संगणक सांगत नाही. ते थिएटर सांगतं. तुमच्या गावातलं एक-पडदा थिएटर सकाळच्या पहिल्या खेळाआधी तासभर भाड्यानं घे. एकदा शेवटच्या रांगेत, एकदा पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला बसून पूर्ण बघ. कागद-पेन घेऊन बस, जेवढं खटकेल तेवढं मिनिट-सेकंदासकट लिही.

पैशाचं तुझं उत्तर यात आलं. प्रसिद्धीचा माणूस नको. आधी मिक्सरूम, मग रंग, मग थिएटरचा तास, आणि उरले तर विमान. मला लोक म्हणतात की तुम्ही तंत्रात अडकता, मुलांना माणसं जोडायला शिकवत नाही. पटत नाही मला. निवडकर्ता सभागृहातून बाहेर पडताना ज्या मुलीचा चित्रपट नीट दिसला-ऐकला, तिला शोधत येतो. आणि जिचे संवादच कळले नाहीत, तिच्या हातातलं कार्ड तो खिशात घालून विसरतो. कष्टानं केलेली कामं केवळ फुटक्या आवाजामुळे पडताना बघवत नाहीत, म्हणून एवढं बोलतो.

एक गोष्ट मात्र आजच कर: चित्रपट यूट्यूबवर कुठेही उघडा नाही ना, बघ. तुझ्या नटानं ‘मित्रांसाठी’ टाकलाय असं तू सहज लिहून गेलीस. काढायला लाव. शॉर्टफेस्टचे ठरावीक पुरस्कार लघुपटाला ऑस्करसाठी पात्र करतात, नुसती निवड करत नाही. आणि पात्रता मिळण्याआधी चित्रपट जगजाहीर ऑनलाइन आलेला असेल तर ती दारं बंद होतात.

व्हिसा बी-१/बी-२, म्हणजे तात्पुरत्या भेटीचा. डीएस-१६० अर्ज, फी आणि मुलाखतीची तारीख. तारीख महिनोन् महिने पुढची मिळते, तेव्हा निवडीचं पत्र जोडून लवकरची तारीख मागून बघ. व्हिसा नाही मिळाला तरी चित्रपट जातोच, म्हणून तर प्रत. मिळाला तर लॉस एंजेलिसला उतरून मोटारीनं किंवा बसनं जा. रेल्वे आहे, पण आठवड्यातून तीनदा आणि स्थानक गावाबाहेर. डिस्क आणि लॅपटॉप उभ्या गाडीत ठेवू नकोस, काच बंद गाडी तिथे भट्टीसारखी तापते. बाहेर पाण्याची बाटली आणि टोपी, आत सभागृहात शाल, एसी गारठवतो. पोचल्यावर आधी तंत्रविभागाच्या माणसाला भेट आणि तुझ्या गुच्छाआधी प्रत तपासली का, एवढंच नम्रपणे विचार.

एडिटरला आज फोन कर: वेग कसा बदलला, मिक्स किती चॅनेलचा, लेव्हल कोणती. तिन्ही उत्तरं मला लिहून पाठव, ‘होऊन जाईल’ नको. थिएटरवाल्यांशी मी बोलतो. शनिवारी सकाळी आठची वेळ मिळाली तर मीही येतो, कागद-पेन घेऊन.

तुझा,
काका