टीव्हीवरच्या गेम शोच्या सूत्रसंचालकाचं आयुष्य कसं असतं? पुण्यात राहून तिथवर पोचता येतं का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात निवेदन करता, आवाज बरा आहे, घरचे म्हणतात ‘टीव्हीवर जा’. मग हे आयुष्य नेमकं कसं असतं आणि पुणं सोडावं लागेल का, असा प्रश्न आहे. आधीच सांगतो, मी टीव्हीवरचा नाही. दिवसा नारायण पेठेत लग्नपत्रिका छापतो आणि संध्याकाळी सोसायट्यांत, गणपती मंडळांत, हळदीकुंकवाच्या मेळाव्यांत ‘खेळ पैठणीचा’ करतो.

मराठीत या पेशाचं नाव काढलं की आदेश बांदेकर आलेच. दूरदर्शनवर ‘ताक धिना धिन’, मग 2004 साली ‘होम मिनिस्टर’, आणि तो थेट 2022 पर्यंत. एकाच माणसाने एकच खेळ इतकी वर्षं चालवायचा, हे कुठल्याही वाहिनीवर क्वचितच घडतं. त्याच्यावर स्वतःच्या करिअरचं गणित मांडू नका. पण शिकण्यासाठी जुने भाग जरूर बघा. खेळ म्हणून त्यात फारसं काही नाही, कुठल्याही घरगुती वाढदिवसाला खेळतात तसलेच. बक्षीस एक पैठणी. लोक बघायचे ते गप्पांसाठी. लग्न कसं जमलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, सासूबाईंशी कसं जमतं. परक्याच्या घरात शिरून पाच मिनिटांत सासूलाही हसवायचं आणि सुनेलाही अवघडू द्यायचं नाही, हे पाठ केलेल्या निवेदनाने होत नाही.

त्या कार्यक्रमाने आम्हा सगळ्यांना एक नाव देऊन टाकलं. महाराष्ट्रात हातात माईक आणि टेबलावर साडी दिसली की तो माणूस ‘भावोजी’. कार्यक्रमाचं नाव मात्र वाहिनीचं, ते आपण वापरायचं नाही. म्हणून आमच्या फ्लेक्सवर ‘खेळ पैठणीचा’ नाहीतर ‘खेळ रंगला पैठणीचा’.

आणि एवढं घराघरांत पोचल्यावर पुढे काय? बांदेकर 2009 मध्ये शिवसेनेतर्फे माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. म्हणजे घराघरांत ज्याला आग्रहाने खाऊ घालतात, त्याला मतं पडतीलच असं नाही! पुढे 2017 मध्ये ते सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले. ‘ठरलं तर मग’ ही मालिका त्यांच्याच घरच्या निर्मितीसंस्थेची. एका कार्यक्रमावर जन्म काढता येत नाही, ओळख आहे तोवर दुसरं काहीतरी उभं करावं लागतं, हे त्यांनी वेळेत ओळखलं असं माझं मत.

मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांचा मामला वेगळा. ‘कौन बनेगा करोडपती’ 3 जुलै 2000 ला सुरू झालं ते मूळच्या ब्रिटिश कार्यक्रमावरून, आणि खुर्चीत बसले अमिताभ बच्चन. मराठी अवतारात 2013 मध्ये सचिन खेडेकर, पुढे स्वप्निल जोशी, 2019 मध्ये नागराज मंजुळे. यांतला एकही जण सूत्रसंचालनाच्या स्पर्धा जिंकत तिथे आलेला नाही. मंजुळे पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झालेले, पण त्या खुर्चीपर्यंत नेलं ते ‘सैराट’ने. कोटीच्या खेळाला वाहिनीला आधीच गाजलेला चेहरा लागतो. तो रस्ता तुमच्यासाठी जवळपास बंद आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण याच कार्यक्रमामागचे सिद्धार्थ बासू बघा. 1985 च्या सुमारास दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’चे प्रश्नकर्ते म्हणून ते घराघरांत माहीत झाले आणि नंतर कॅमेऱ्यामागे जाऊन त्यांनी त्याहून मोठं काम केलं. प्रश्न काढणारे, तपासणारे, स्पर्धकांना सांभाळणारे लोकही लागतातच, आणि क्विझचं वेड असलेली पोरं पुण्यात कमी नाहीत.

आता आमच्या बाजूचं. हंगाम ठरलेला: गणपती, नवरात्र, मग संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. त्यात निवडणूक आली की विचारू नका. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक लांबत गेली; तेवढ्या काळात प्रभागातल्या प्रत्येक इच्छुकाने बायकांना पैठण्या वाटल्या. अ‍ॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय तारीख लावू नका, निकालानंतर फोन उचलले जात नाहीत. नेते उशिरा येतात, भाषण करतात, दहाला स्पीकर बंद करायचा असतो, आणि फायनल अजून व्हायची असते. पाच खेळांचे दोन करून कुणाला फसवल्यासारखं वाटू न देणं, ही तिथली परीक्षा.

खरी कसोटी मात्र हरणाऱ्या बाईशी लागते. जिंकणारीचं काही करावं लागत नाही, ती आणि तिच्या मैत्रिणी बघून घेतात. पण पहिल्याच फेरीत जी बाद होते, तिची मुलं समोर सतरंजीवर बसलेली असतात. तिला ‘धन्यवाद ताई, टाळ्या’ म्हणून खाली पिटाळलं तर ती पुन्हा कधी स्टेजवर चढत नाही. मी बाद झालेलीलाच माईक देतो. माहेर कुठलं, काय छान करता, एखादा उखाणा. धायरीच्या एका कार्यक्रमात फुगा लगेच फुटलेल्या वहिनींनी घेतला होता:

‘सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली फार,
...रावांना सांगते, आज तुम्हीच लावा कुकर चार!’

त्या रात्री पैठणी कुणी नेली ते कुणाला आठवत नसेल, कुकर सगळ्यांना आठवतो.

आणखी एक. ‘अहो काय करतात?’ हा प्रश्न मी पहिला कधीच विचारत नाही. समोरचीचा नवरा गेलेला असू शकतो, सोडून गेलेला असू शकतो, आणि माईकवर, शेजारणींसमोर तिने काय उत्तर द्यायचं? ‘घरी कोण कोण असतं?’ विचारलं की तिला हवं तेवढंच ती सांगते. उखाण्यालाही ‘कुणाचंही नाव घ्या’ म्हणतो. एका आजींनी नातीचं घेतलं, दोन पोरींनी आईचं. टीव्हीवर नको ते एडिटिंगमध्ये उडवता येतं, स्टेजवर बोललेला शब्द तिच्याबरोबर सोसायटीच्या लिफ्टमध्ये जातो.

‘सेटिंग आहे’ ही कुजबूज तर होणारच, विशेषतः आयोजकाच्या भावजयीने फ्रिज जिंकला की. म्हणून नियम खेळाआधी दोनदा सांगायचे आणि शिट्टी प्रेक्षकांतल्याच एखाद्या खमक्या काकूंच्या हातात द्यायची. पुण्यातल्या काकूंच्या निकालावर अपील करायची कुणाची हिंमत होत नाही.

पुणं सोडायचं का? वाहिन्यांची कार्यालयं, ऑडिशन, बहुतेक सेट मुंबईत, हे खरं. पण ऑडिशनला पहाटेच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं. नुसत्या आशेवर तिकडे खोली घेऊन बसू नका. दोन-तीन हंगाम इथे माईक धरा, हातात दुसरा धंदा ठेवा, आपल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जपून ठेवा. त्यात स्वतःचं बोलणं कमी आणि समोरच्याचं जास्त असलेले तुकडे पाठवा.

येत्या नवरात्रात मोकळे असाल तर कळवा, पहिली फेरी तुम्हाला देतो. फक्त कुणी पदर चाचपत ‘ही पैठणी अस्सल आहे की सेमी हो?’ विचारलं, तर आयोजकाकडे बोट दाखवायचं आणि पुढचा खेळ सुरू करायचा.