शेवटची अर्धी गोळी

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ५४, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. नऊ वर्षांपूर्वी यजमान गेले. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, वर्गात फळ्याकडे तोंड करून रडायचे. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली आणि तिनंच मला उभं केलं. आता सगळं ठीक आहे. पण जाऊबाई म्हणतात, "तुला सवय लागलीय, जन्मात सुटायची नाही." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कुणाला न विचारता आठ दिवस अर्धी घेतली आणि मग बंदच केली. चौथ्या दिवशी जिना उतरताना मान वळवली, तर डोक्यात करंट बसल्यासारखा झटका! मळमळ, घाम, चित्रविचित्र स्वप्नं. दूधवाल्यावर ओरडले आणि नंतर तासभर रडत बसले. घाबरून गोळी परत सुरू केली, तर दोन दिवसांत सगळं शांत. म्हणजे आजार आत दबा धरून बसलाय, की जाऊबाईंचं खरं? (स्ट्रिपवर दोन नावं आहेत : एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५.)
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, तुम्ही जी ओळ कंसात टाकलीत, तीच पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. तिच्याकडे येतेच.

आधी जाऊबाई. व्यसनात तलफ येते, मात्रा वाढवत न्यावी लागते. नऊ वर्षं तुम्ही त्याच एका गोळीवर आहात. पण "सवय वगैरे काही नसते" असं म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. इतकी वर्षं रोज मिळणाऱ्या औषधाशी मेंदूनं जुळवून घेतलेलं असतं. ते एकदम काढलं की तो गडबडतो. मान किंवा डोळे वळवताना बसणारा तो करंट ही त्याची अगदी ओळखीची खूण. आजार उलटतो तेव्हा तो सहसा असा चार दिवसांत येत नाही. आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू येतो, आणि त्यात करंट नसतो. गोळी सुरू केल्यावर दोन दिवसांत उतरला, तो औषध तुटल्याचा त्रास.

आता कबुली देते. मीही कित्येक वर्षं पेशंटना "दोन आठवडे अर्धी घ्या, मग सोडा" असंच सांगत आले. परत आलेल्यांचा आजार उलटला असं समजून पुन्हा तीच गोळी लिहून दिली. त्यातले किती जण निव्वळ घाईनं सोडल्यामुळे परत आले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही.

चूक कुठे होते? तुमच्या गोळीतलं एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनवरचं औषध. त्याची मात्रा दहा मिलिग्रॅमची पाच केली की मेंदूवरचा परिणाम निम्मा होईल असं आपण धरतो. प्रत्यक्षात तो थोडासाच उतरतो. उरलेला मोठा भाग त्या शेवटच्या पाच मिलिग्रॅममध्ये असतो. जुन्या वाड्याच्या जिन्याला वरच्या पायऱ्या बुटक्या असाव्यात आणि शेवटची पुरुषभर उंच, तसं. म्हणून खाली येऊ तसे टप्पे लहान करायचे : दहा, साडेसात, पाच, मग अडीच आणि त्याहूनही कमी. प्रत्येक टप्प्यावर निदान महिनाभर थांबायचं. नऊ वर्षांच्या गोळीला वर्ष लागलं तर लागू दे. एक दिवसाआड घेऊ नका. हे औषध जेमतेम सव्वा दिवसात निम्मं उतरतं, त्यामुळे मेंदू रोज झोक्यावर बसतो.

आता तो कंस. तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत. क्लोनाझेपाम झोपेचं, घबराटीचं. त्याची खरोखरच सवय लागते आणि ते एकदम सोडलं तर फिटही येऊ शकते. गोळी अर्धी केलीत तेव्हा दोन्ही एकाच वेळी अर्धी झाली, आणि तुमच्या त्रासात कुणाचा वाटा किती, हे मलाही सांगता येणार नाही. तेव्हा डॉक्टरांना पहिली विनंती ही करा : दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्या. आधी कुठलं कमी करायचं ते त्यांना ठरवू द्या, पण दोन्ही एकत्र नको. तोवर आहे ती गोळी रोज घ्या.

गोळी सोडायलाच हवी का, हेही विचारा. ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात बरं वाटत असलेल्या, दीर्घकाळ डिप्रेशनवरचं औषध घेणाऱ्यांची पाहणी झाली. बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजारानं पुन्हा गाठलं. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. मला यात दोन्ही बाजू दिसतात : धोका वाढतो हे खरं, पण सोडूनही बरे राहिलेले ४४ टक्के आहेतच. आजार तुम्हाला एकदाच झाला की आधीही होऊन गेला होता, यावर बरंच ठरेल.

सुरुवात परीक्षांच्या किंवा घरातल्या कार्याच्या दिवसांत नको. यजमानांच्या तिथीच्या आसपासही नको. एका वहीत तारीख, मात्रा आणि झोप, एवढंच लिहा. त्रास वाढला तर एक पायरी वर जा, त्यात हार नाही. जगणं नको असं मनात आलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, मराठीत बोलता येतं.

आणि दवाखान्यात जाताना ती स्ट्रिप पर्समध्ये टाका. जाऊबाईंना न्यायचं की नाही, ते तुम्ही बघा.