पेशी : मांसाची की बुचाची?

प्रश्न आला आहे तो असा : ‘हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू. मग मराठीत पेशी म्हणजे सेल कसा? कोण चुकलं?’

चुकलं कोणीच नाही, पण शब्द मूळचा मांसाचाच. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा तुकडा, गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पेशी ५०० सांगितल्या आहेत. सेल मोजायचे असते तर एवढ्यावर भागलं नसतं! हिंदी-बंगालीने हाच अर्थ धरून ठेवला आणि सेलसाठी कोशिका, कोष हे शब्द घेतले. मराठीत मात्र मांसाचं काम स्नायूकडे आलं (सुश्रुताचे ९०० स्नायू म्हणजे सांधे बांधणारे दोर) आणि पेशी सेलची झाली. कोर्टातली ‘पेशी’ फारसी ‘पेश’वरून आली, तिचा इथे संबंध नाही.

गंमत पुढेच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकात सेल हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्या भिंगाखाली मांस नव्हतं, बूच होतं. वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूने त्याने बुचाचा पातळ काप काढला, काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर उजेड पाडला. दिसली ती मधाच्या पोळ्यासारखी घरं, फक्त वेडीवाकडी. इंचाच्या अठराव्या भागात साधारण ६०. त्या हिशेबाने घनइंचात १२० कोटींवर. लॅटिन ‘सेला’ म्हणजे लहानशी खोली. बुचातल्या खोल्या मेलेल्या, म्हणून रिकाम्या. हिरव्या झाडांत त्या रसाने भरलेल्या असतात, हेही हूकने टिपलं. नेहेमाया ग्रू या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे वनस्पतींत हेच पाहिलं, पण तो त्यांना फुगे म्हणे. तोच शब्द रूढ झाला असता तर आज आपण काय म्हणत असतो कोण जाणे.

म्हणजे हूकचा सेल ही भिंत, आपली पेशी हा आतला ऐवज. जीवशास्त्रात पेशीच म्हणावं, रुळलेला शब्द आहे. पण हूकचा उतारा मराठीत आणताना ‘बुचात पेशी दिसल्या’ असं लिहिलं की त्याचं आश्चर्यच हरवतं. तिथे मी ‘कप्पे’ लिहीन. ‘कोठड्या’ अर्थाला जास्त जवळ, पण तुरुंग आठवतो.

आणि हो, हे बूच दक्षिण युरोपातल्या ओकच्या सालीचं. पुण्यात रस्त्यावर पांढऱ्या फुलांचा सडा घालतो तो बूच वेगळा.